दारचा जुना आंबा जातोय, त्याचं कलम कसं करायचं? ठाणे-नवी मुंबईतल्या जुन्या फळझाडांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एप्रिल लागला की मला फोन सुरू होतात. कधी घणसोलीहून, कधी बाळकुमहून, कधी कळव्यातल्याच मागच्या गल्लीतून. "ताई, आमच्या वाड्यातलं आंब्याचं झाड जाणार आहे. काही करता येईल का?" बहुतेक वेळा करता येतं, फक्त फोन वेळेत यायला हवा. गेली बारा वर्षं मी रायवळ (म्हणजे कोयीतून वाढलेले गावठी) आंबे, फणस, जांभळं यांच्या काड्या जमवून कलमं बांधतेय. लोक जे पुन्हा पुन्हा विचारतात ते इथे एकदाच सविस्तर लिहून ठेवते.

जुनं झाड म्हणजे किती वर्षांचं?

कायद्यापुरतं बोलायचं तर ५० वर्षं. झाडांच्या जतनाचा राज्याचा कायदा १९७५चा. २०२१ साली त्यात दुरुस्ती झाली आणि शहरी भागातल्या ५० वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडांना हेरिटेज वृक्षाचा दर्जा मिळाला. माझ्या लेखी वय दुय्यम आहे. कोयीतून उगवलेला पंचवीस वर्षांचा रायवळही जगात एकुलता एकच असतो. त्याच्या फळाची चव घरातल्या कोणाला आठवत असेल, तर ते झाड राखण्याजोगं आहे.

कोय पेरली तर तेच झाड येणार नाही का?

नाही येत. बऱ्याच जणांना हे पटायला वेळ लागतो, म्हणून थोडं सविस्तर सांगते. आंब्याच्या मोहोरावर माश्या आणि इतर किडे या झाडावरून त्या झाडावर फिरतात. फळ तुमच्या झाडाचं असलं, तरी आतल्या कोयीला बाप कुठला मिळाला ते कोणी सांगू शकत नाही. आपल्याकडच्या बहुतेक आंब्यांच्या कोयीत एकच गर्भ असतो आणि तो आई-बापांच्या मिश्रणातून तयार होतो. साखऱ्याची, म्हणजे गोड गावठी आंब्याची, कोय लावली तर आंबटढाण आंबा निघू शकतो, किंवा नुसता धाग्यांचा गोळा. पश्चिम किनाऱ्यावर काही मोजक्या जाती अशा आहेत की एका कोयीतून तीन-चार कोंब फुटतात, आणि त्यातले बहुतेक आईसारखेच निघतात. पण तुमच्या दारचं झाड त्यातलं असेल या भरवशावर राहू नका.

म्हणूनच एक रायवळ झाड तुटलं की एक जात संपते. हापूस टिकला तो कलमामुळे. पोर्तुगिजांनी गोव्यात आंब्यावर कलमं बांधण्याची रीत रुजवली, हापूसला नावही त्यांच्याच अफोन्सो द अल्बुकर्कवरून मिळालं. ठाणंही १७३७पर्यंत पोर्तुगिजांकडे होतं. हापूसच्या वाट्याला आलेली ही काळजी शेप्या, खोबऱ्या, शेंदऱ्या, केळ्या, गोट्या अशा गावठी आंब्यांच्या वाट्याला आली नाही. त्यांचं नाव एका आळीपुरतं, झाड एकच, आणि ते तोडायला अर्धा दिवस पुरतो.

मग कलमात नेमकं होतं काय?

साल आणि लाकूड यांच्यामध्ये एक ओलसर, पातळ थर असतो. खोडाची जाडी वाढते ती या थरातून. जुन्या झाडाची काडी आणि कोवळं रोप यांचे हे थर एकमेकांना टेकवून घट्ट बांधले की ते जुळून येतात. मुळं रोपाची, वरचं सगळं झाड मूळ आंब्याचं. खालच्या रोपाला खुंट म्हणतात, वरच्या तुकड्याला काडी.

फांदी तोडून मातीत खोचली तर?

अंजीर, डाळिंब, तुती, शेवगा यांची फांदी लागते. आंबा, फणस, जांभूळ यांची जवळजवळ कधीच लागत नाही. दरवर्षी कोणीतरी मला हिरवीगार दिसणारी आंब्याची खोचलेली फांदी दाखवतं. ती स्वतःतल्या साठ्यावर तग धरून असते, महिन्या-दीड महिन्यात वाळते. तेवढ्यात मूळ झाड तोडलेलं असतं.

आता ठाणे-नवी मुंबईत अशी झाडं उरलीत तरी कुठे?

आपल्याला वाटतं त्याहून जास्त ठिकाणी. नवी मुंबईसाठी सिडकोची स्थापना १९७० साली झाली आणि ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी संपादित झाल्या. शेतं गेली, खाजणं गेली, पण गावठाणं राहिली. गोठिवली, तळवली, घणसोली, दिवाळे, करावे, शिरवणे इथल्या जुन्या घरांच्या परसात, विहिरीच्या कडेला, देवळामागे अजून आंबा-चिंच सापडते. ठाण्यात चेंदणी कोळीवाडा, बाळकुम, कोलशेत, ओवळा, कासारवडवली. टॉवरच्या कुंपणाला खेटून उभा असलेला एकटा आंबा दिसला की समजायचं, इथे कोणाचं तरी खळं होतं.

शोधायची माझी रीत साधी आहे. एप्रिलच्या अखेरीपासून पहिल्या पावसापर्यंत सकाळी लवकर चालायचं आणि नजर जमिनीवर ठेवायची. चोखून टाकलेल्या कोयी, फुटपाथवरचे जांभळे डाग, वटवाघळांनी कुरतडलेली फळं, झाडाचा पत्ता यातून लागतो. दुसरी रीत बाजारातली. ठाणे स्टेशनबाहेर आणि जांभळी नाक्याच्या आसपास टोपली घेऊन बसणाऱ्या बायकांना विचारा, "मावशी, हा आंबा कुठला?" घाऊक बाजारातला असेल तर विषय संपला. "आमच्या पाड्यावरचा" असं उत्तर आलं तर दोन किलो घ्या आणि बोलत बसा. आणि गावची नावं ऐका. जांभळी नाका, आंबेघोसाळे तलाव ही नावं उगाच पडलेली नाहीत.

येऊरच्या बाबतीत एक गोष्ट स्पष्ट सांगते. येऊरचं जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं. तिथून काडी, कोय, रोप काहीही आणायचं नाही. पाड्यातल्या कोणाच्या अंगणातलं झाड असेल तर त्या घराशी बोला.

झाडाचं नाव आणि गुण कोणाला विचारायचे?

घरातल्या सगळ्यात वयस्क बाईला. पुरुष झाड किती मोठं आणि किती वर्षांचं ते सांगतात. कैरी कधी उतरवायची, लोणच्याला चालते का, आंबोशी (वाळवलेल्या कैरीच्या फोडी) काळी पडते की पांढरी राहते, हे बायका सांगतात. घणसोलीत एका आजींनी मला त्यांच्या आंब्याचं पान चुरगळून नाकाशी धरायला लावलं, मग शेजारच्या झाडाचं. पहिल्याला कच्च्या कैरीचा थंड वास होता, दुसऱ्याला राळेसारखा उग्र. "हा आमचा खोबऱ्या," त्या म्हणाल्या. "याची आंबोशी बोंबलाच्या कालवणात घातली का चिंच लागत नाय." पिकल्यावर त्याचा गर खोबऱ्यासारखा पांढुरका आणि घट्ट असतो. तो रसाला चालत नाही, म्हणून बाहेरच्यांनी त्याला कधी विचारलं नव्हतं. मी मात्र त्या वर्षी सगळ्यात आधी त्याच्याच काड्या घेतल्या.

काडी घ्यायला परवानगी लागते का?

मालकाची नेहमीच. सोसायटीचं झाड असेल तर कमिटीची, तीही लेखी घेतलेली बरी. पेन्सिलीएवढ्या आठ-दहा काड्या घेणं वेगळं आणि फांद्या छाटणं वेगळं. छाटणीसाठी महापालिकेच्या उद्यान विभागाकडे अर्ज करावा लागतो. रस्त्याकडेच्या झाडाला त्यांना विचारल्याशिवाय हात लावू नका. आणि रात्री गुपचूप काडी तोडायला जाऊ नका. तुमची कलमं जगली नाहीत तर पुन्हा त्याच दारात जावं लागणार आहे.

काडी कशी आणि कधी निवडायची?

निम्मं यश इथेच ठरतं. फळ देणाऱ्या घेरातली, उन्हात असलेली, तीन-चार महिन्यांची काडी हवी. जाडी पेन्सिलीएवढी, लांबी १० ते १५ सेंटीमीटर, शेंड्याचा डोळा फुगलेला पण फुटलेला नाही. खोडाच्या बुंध्यातून सरळ वर जाणारे लुसलुशीत फुटवे घेऊ नका, त्यांना फळ फार उशिरा धरतं. मोहोर येऊन गेलेला शेंडाही टाळा.

काढण्याआधी आठ-दहा दिवस झाडावरच त्या काडीची पानं कापायची, देठ तेवढे ठेवायचे. देठ पिवळे पडून बोट लावताच गळायला लागले की काडी तयार झाली. या दिवसांत झाड आपला रस डोळ्यात आणून ठेवतं, म्हणून बांधल्यावर तो लवकर फुटतो. घाईत हे टाळलं की कलमं मरतात, हे मी पाहिलंय. आंब्यासाठी जून ते ऑगस्ट हा उत्तम काळ, कारण हवा दमट असते आणि कोयीही त्याच वेळी रुजलेल्या असतात.

काड्या ओल्या सुती फडक्यात, वरून केळीच्या पानात गुंडाळून सावलीत ठेवा. त्याच दिवशी बांधल्या तर सर्वांत चांगलं, फार तर तीन-चार दिवस टिकतील. गाडीच्या डिकीत ठेवू नका, दुपारी तिथे काडी उकडते.

घरी कोय कलम जमेल का?

जमेल. पहिल्या वर्षी दहातली तीन जगली तरी नाउमेद होऊ नका.

कोयी कुठल्याही रायवळाच्या चालतील, मात्र ताज्या हव्यात. महिनाभर पडून राहिलेली कोय बहुधा रुजत नाही. धुऊन पाण्यात टाका, तळाशी बसतील त्या घ्या. मातीत वा रेतीत पेरल्यावर पंधरा दिवसांच्या आसपास कोंब येतो. पानं अजून तांबूस, लुळी आहेत आणि दांडा कोवळा आहे, तेव्हाच बांधायचं. पानं हिरवी झाली की ती वेळ हुकली.

रोप कोयीपासून चार बोटं वर आडवं कापा. दांड्याच्या मधोमध उभी, ४ सेंटीमीटर चीर द्या. काडीच्या खालच्या टोकाला दोन्ही बाजूंनी तेवढाच लांब, सरळ काप देऊन पाचर करा. एका बाजूला एकच घाव, चाकू मागेपुढे करायचा नाही. कापलेल्या जागेला बोट लावायचं नाही. पाचर चिरेत बसवताना काडी आणि रोप यांची साल निदान एका बाजूला तरी तंतोतंत जुळली पाहिजे. मग दीड-दोन सेंटीमीटर रुंद प्लॅस्टिकची पट्टी खालून वर ताणून गुंडाळा. पाणी आत जाता कामा नये. नवं ब्लेडही चालतं, पण चाकू घेणार असाल तर केस कापला जाईल इतकी धार हवी. माझा पहिला हंगाम बोथट चाकूने गेला आणि एकही कलम लागलं नाही.

कलम पिशवीत लावून सावलीत, पावसाच्या थेट माऱ्यापासून दूर ठेवा. दोन-तीन आठवड्यांत डोळा फुटतो. आणि आता सगळ्यात महत्त्वाचं: सांध्याच्या खालून जो कोंब येईल तो लगेच खुडा. काडी मेली आणि खुंटाचा फुटवा वाढला, तर माणूस सात-आठ वर्षं परक्या झाडाला पाणी घालत बसतो. माझ्या माहितीत असं दोन घरांत झालंय.

झाड इतकं म्हातारं आहे की नवी पालवीच येत नाही. मग?

परवानगी घेऊन मनगटाएवढी एखादी जिवंत फांदी छाटा. काही महिन्यांत तिथे नवे फुटवे येतील, ते पिकू द्या आणि मग काड्या घ्या. बुंध्याशी ओला भुसा दिसला तर आत भिरूड, म्हणजे खोड पोखरणारा किडा, आहे, आधी तो काढून घ्या. बांडगूळ असेल तर तेही उतरवा. आणि बुंध्याभोवतीचे पेव्हर ब्लॉक निदान हातभर मागे हटवा. झाडाला मुळाशी हवा-पाणी मिळालं तर काड्यांसाठी एखादं वर्ष जास्त मिळू शकतं.

झाड कालच तोडलं. आता काही होईल?

आजच गेलात तर कदाचित. पडलेल्या फांद्यांचे शेंडे टवटवीत असतील तर पानं लगेच कापा, काड्या ओल्या फडक्यात गुंडाळा आणि त्याच दिवशी बांधा. कोपरखैरण्याजवळच्या एका शेप्यासाठी मी तिसऱ्या दिवशी पोचले. मे महिना होता. चाळीस काड्या आणल्या, एकही जगली नाही. बडीशेपेचा वास असलेला तो आंबा मी आयुष्यात एकदाच खाल्ला. तेव्हापासून पुनर्विकासाची पहिली मीटिंग झाल्याचं कानावर आलं की मी लगेच त्या सोसायटीत जाते.

फणस, जांभूळ, रातांबा (कोकम), चिकू, जाम यांचं काय?

फणसाच्या बीतून कापा (घट्ट गऱ्यांचा) येईल की बरका (मऊ गऱ्यांचा), सांगता येत नाही, म्हणून कलमच हवं. मृदू काष्ठ कलम करतात, म्हणजे कोवळ्या शेंड्यावर पाचर. कापल्यावर चीक येतो, तो ओल्या फडक्याने टिपून मगच बांधा. जांभळाचंही तसंच. पालघरच्या बहाडोलीच्या जांभळाला भौगोलिक मानांकन मिळालं आहे, पण आपल्या गल्लीतलं झाडही त्याच्या तोडीचं असू शकतं, चाखून ठरवा.

रातांब्याची गोष्ट वेगळी आहे. त्यात नर आणि मादी झाडं स्वतंत्र असतात आणि बियांची रोपं लावली तर फुलं येईपर्यंत, म्हणजे सहा-सात वर्षं, कळत नाही. त्यामुळे फळ देणाऱ्या झाडाचीच काडी घ्यायची, आणि तीसुद्धा सरळ वर वाढणाऱ्या शेंड्याची. आडव्या फांदीची काडी बांधली तर झाड जन्मभर आडवं, जमिनीलगत पसरत राहतं.

चिकूला खिरणीचा खुंट सगळ्यात चांगला. जाम, पेरू आणि लिंबू यांना गुटी बांधा. पावसाळ्यात पेन्सिलीहून जाड फांदीची अडीच सेंटीमीटर साल गोल काढायची, ओलं शेवाळ लावून प्लॅस्टिकने घट्ट बांधायचं. दीड-दोन महिन्यांत आत पांढरी मुळं दिसतात. गुटीच्या झाडाला सोटमूळ नसतं, म्हणून पहिली काही वर्षं काठीचा आधार द्या.

ताड आणि नारळाचं कलम?

होत नाही. त्यांच्या खोडात तो वाढणारा थरच नसतो. चांगल्या झाडाचं फळ रुजवणं, एवढंच हातात आहे.

आम्ही फ्लॅटमध्ये राहतो. कलम लावायचं कुठे?

दोन-तीन वर्षं मोठ्या कुंडीत, मग अर्ध्या कापलेल्या ड्रममध्ये कलमी आंबा राहतो. गच्चीवर ठेवणार असाल तर भार किती पेलेल ते आधी विचारून घ्या. पण कायमची जागा जमिनीतच हवी. बहुतेकांचं कोणी ना कोणी मुरबाड, शहापूर, कर्जतकडे असतं. एका जातीची निदान तीन कलमं तीन वेगळ्या ठिकाणी लावा. एका प्लॉटवर दहा लावली आणि तो प्लॉट विकला गेला, तर दहाही गेली.

फळ कधी येईल? चव तीच असेल?

आंब्याला साधारण चार-पाच वर्षं. मोहोर त्याआधीही येतो, पण पहिली दोन-तीन वर्षं तो खुडावा, नाहीतर झाडाची वाढ खुंटते. जात तीच राहते. माती, पाणी आणि ऊन बदललं की गोडी थोडी मागेपुढे होते, झाड मोठं होईल तशी बसते.

एकाच झाडावर अनेक जाती बांधता येतात का?

येतात. मलिहाबादच्या हाजी कलीमुल्ला खान यांनी एका झाडावर तीनशे जातींची कलमं केली, त्यांना २००८ साली पद्मश्री मिळाली. जागा कमी असेल तर हा मार्ग चांगला आहे. फक्त प्रत्येक फांदीवर खूण हवी, आणि तेच एक झाड गेलं तर सगळंच जातं हे लक्षात ठेवा.

नोंद काय ठेवायची?

वहीत क्रमांक, झाडाचं नाव, जागा, मोबाइलवरचं ठिकाण, काडी काढल्याची तारीख, सांगणाऱ्याचं म्हणणं त्याच्याच शब्दांत. फळ रुपयाच्या नाण्याशेजारी ठेवून फोटो, उभं कापून दुसरा, कोयीचा तिसरा. रोपाला ॲल्युमिनियमची पट्टी बांधून तिच्यावर खिळ्याने क्रमांक कोरा. एका पावसाळ्यात मी प्लॅस्टिकच्या पट्ट्यांवर मार्करने लिहिलं होतं, गणपतीपर्यंत सगळं पुसलं गेलं. अकरा कलमं जगली होती. ती आजही आहेत, पण कोणाच्या दारची ते फळ धरल्यावर कळेल तेव्हा कळेल.

या जातीवर आपला काही हक्क राहतो का?

२००१च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्यात शेतकऱ्यांनी जपलेल्या वाणांची नोंदणी करता येते आणि शेतकऱ्याला नोंदणीचं शुल्क पडत नाही. कागदपत्रांसाठी दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ किंवा तालुका कृषी कार्यालय गाठा. वरची वही तिथे उपयोगी पडते.

ज्यांच्या झाडाची काडी घेतली, त्यांना काय द्यायचं?

जगलेलं पहिलं कलम त्यांना. आधी त्यांना, मग आपल्याला. घणसोलीच्या त्या आजींचं घर आता पाडलंय, खोबऱ्याही गेला. त्याची सहा कलमं जगली: दोन मुरबाडला, एक शहापूरला, दोन माझ्याकडे, आणि सगळ्यांत पहिलं आजींच्या नातवाच्या चौथ्या मजल्यावरच्या गॅलरीत, ड्रममध्ये. गेल्या माघात त्याला मोहोर आला. तो खुडून टाका, असं मी फोनवर बजावलं होतं. जाऊन पाहिलं तर सगळा खुडलेला होता, एक तुरा सोडून. तो आजींनी कोणाला तोडू दिला नव्हता.